सहा कॅट आणि औटकीचा पाढा

पुण्याच्या पेठांमधल्या एखाद्या आजोबांना बोलतं केलं तर पावकी, निमकी, पाउणकी अजून धडाधड ऐकायला मिळते. सवायकी, दिडकीपर्यंतही गाडी जाते. अडीचकी आणि औटकी येणारे मात्र आता विरळा. औट म्हणजे साडेतीन. संतांनी देहाला औट हात म्हटलं, तोच औट. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा. वाण्याच्या दुकानात कॅल्क्युलेटर आला आणि हे पाढे गेले. पण एक जागा अशी आहे की जिथे कॅल्क्युलेटर चालत नाही, मोबाइल बाहेर काढता येत नाही, शेजारचा माणूस बडबडत असतो आणि तेवढ्यात साताला साडेतीनने भागून रक्कम ठरवायची असते. ती जागा म्हणजे सहा कॅटच्या ब्लॅकजॅकचं टेबल. या खेळात पानांची बेरीज एकवीसच्या पुढे जाऊ न देता डीलरच्या, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्याच्या, बेरजेला मागे टाकायचं असतं.

पानं मोजण्याची पद्धत कोणती निवडावी, याचा विचार करणारे बहुतेक जण अचूकतेचे आकडे पुढ्यात घेऊन बसतात. या पद्धतीचा ०.९७, त्या पद्धतीचा ०.९९, मग दुसरी सरस. हे आकडे खरे आहेत आणि ते समजून घ्यायलाच हवेत. पण शूच्या खेळात, म्हणजे सहा किंवा आठ कॅट एका खोक्यात भरून चालणाऱ्या खेळात, निवडीचा कल त्या आकड्यांनी ठरत नाही. तो ठरतो भागाकाराने.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला मोजणीची कल्पना नव्याने समजावून सांगावी लागत नाही. किती मेंढ्या गेल्या, हुकुमाचा राजा अजून कुणाकडे दबून आहे, हे गप्पा मारता मारता डोक्यात चालूच असतं. ब्लॅकजॅकमध्येही दश्शीला मान आहे. फक्त गुलाम, राणी, राजा हेही दहाच धरायचे. म्हणजे एका कॅटमध्ये १६ मेंढ्या आणि सहा कॅटमध्ये ९६. एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ साली जगापुढे मांडलेली पद्धत जवळपास अशीच होती: दहाची पानं किती उरली आणि बाकीची किती, यांचं गुणोत्तर. दोन आकडे उलटे मोजत न्यायचे आणि वर भागाकार. सहा कॅटला हे पेलणारी डोकी फार थोडी. १९६३ मध्ये हार्वी डब्नर यांनी तो हिशेब सोपा केला आणि त्यातून हाय-लो आली. आयबीएममधल्या ज्युलियन ब्रॉन यांनी संगणकावर ती तावूनसुलाखून घेतली.

हाय-लोमध्ये दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पान गेलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. दश्शी, चित्राची पानं आणि एक्का गेला की उणे एक. अधिकची पानं पाच प्रकारची, उणेचीही पाचच, म्हणून कॅट संपला की बेरीज शून्यावर येते. या चालू बेरजेला रनिंग काउंट म्हणतात. छोटी पानं जास्त निघून गेली की उरलेल्या शूमध्ये दहा आणि एक्के दाटतात. खेळणाऱ्याला ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा, जास्त लागतात आणि त्यावर दीडपट पैसे मिळतात. डीलरलाही ते तितकेच लागतात, पण त्याला दीडपट मिळत नाही. शिवाय सतरापर्यंत पान ओढणं डीलरला सक्तीचं, आणि दहांनी भरलेल्या शूमध्ये ती सक्ती त्याला महागात पडते.

कोणतं पान गेल्याने किती फरक पडतो, याचा हिशेब गणितज्ञ पीटर ग्रिफिन यांनी बारकाईने मांडला. एका कॅटमधून एक पंजी काढून टाकली तर खेळणाऱ्याची बाजू सुमारे ०.६९ टक्क्याने वर जाते. ४चं पान काढलं तर ०.५५, छक्की ०.४६, तिर्री ०.४४, दुर्री ०.३८, सत्ती ०.२८. अठ्ठी जवळपास निरुपद्रवी. नव्वी गेली तर ०.१८ नुकसान, दहाचं पान गेलं तर ०.५१ आणि एक्का गेला तर ०.६१. सहा कॅटमध्ये हे आकडे साधारण सहाव्या हिश्श्यावर येतात, आपसातलं प्रमाण तेच राहतं. प्रत्येक मोजणी पद्धत म्हणजे या ओळीची कमी-अधिक ढोबळ नक्कल. हाय-लो पंजी आणि दुर्रीला एकाच मापाने मोजते, ही तिची ढोबळता. हाव्ज नावाची पद्धत तसं करत नाही: दुर्री-सत्तीला अर्धा, तिर्री, ४ आणि छक्कीला एक, पंजीला दीड, नव्वीला उणे अर्धा, दहा आणि एक्क्याला उणे एक. रक्कम कधी वाढवावी हे सांगण्यात हाय-लो ०.९७ गुण मिळवते, हाव्ज ०.९९.

हा फरक दोन शतांशांचा. आणि त्यासाठी ३१२ पानांमध्ये अर्धा, एक, दीड यांची बेरीज-वजाबाकी अखंड चालवायची. अपूर्णांक नकोत म्हणून सगळ्यांची दुप्पट केली तर तीन पायऱ्यांची पद्धत हातात येते. घरी, पंखा चालू, चहा शेजारी, तेव्हा ती जमतेही. टेबलावर दर तासाला एक पान चुकलं तरी त्या दोन शतांशांवर पाणी पडलं.

दुसरी तुकडी आहे हाय-ऑप्ट आणि ओमेगा टू यांची. या पद्धती एक्क्याला शून्य देतात, आणि त्यामागे पक्कं कारण आहे. रक्कम लावताना एक्का मोठा मित्र, पण पान ओढावं की थांबावं हे ठरवताना तो बराचसा छोट्या पानासारखा वागतो. त्याला मोजणीतून वगळलं की हात कसा खेळायचा हे जास्त नेमकं कळतं. हाय-लोची त्या बाबतीतली अचूकता ०.५१, ओमेगा टूची ०.६७. पण एक्का वगळल्यामुळे रकमेची अचूकता ०.९२ वर घसरते, आणि ती परत आणायची तर एक्के वेगळे मोजावे लागतात. सहा कॅटमध्ये २४ एक्के. किती गेले, आतापर्यंत किती जायला हवे होते, फरक किती. दुसरी बेरीज, दुसरा अंदाज, दुसरी चूक.

हात खेळण्याची ही जादा अचूकता एका कॅटच्या खेळात सोन्यासारखी आहे. सहा कॅटमध्ये तिची किंमत का उतरते, ते आकड्यांनीच पाहावं. हाय-लोमध्ये ५२पैकी ४० पानांना अधिक किंवा उणे एक असतो. त्यावरून बेरीज शून्यापासून किती लांब भटकेल याचा हिशेब मांडता येतो. एक कॅट अर्धा वाटून झाला की उरलेल्या प्रत्येक कॅटमागची मोजणी, म्हणजे ट्रू काउंट, शून्यापासून साधारण ६.४ इतकी इकडे-तिकडे जाते. सहा कॅटचा शू अर्धा झाला तर हाच आकडा २.६. शू एक चतुर्थांश झाला असताना तर जेमतेम दीड. मोजणी शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे प्रत्येक हातासाठी आधीच ठरलेली चाल, मोडण्याचे प्रसंगच कमी येतात. ते कधी आले तर कामाचे फरक मूठभर आहेत. डॉन श्लेसिंजर यांनी त्यांतले १८ निवडले आणि एकट्या इन्शुरन्सचाच, म्हणजे डीलरचा एक्का उघडा असताना त्याच्या ब्लॅकजॅकवर लावायच्या वेगळ्या पैजेचा, त्यात जवळपास तिसरा हिस्सा निघाला. हाय-लोने ट्रू काउंट ३ किंवा वर असेल तर इन्शुरन्स घ्या. डीलरच्या दहासमोर तुमचे १६ असतील तर शून्य आणि वर थांबा. १५ असतील तर ४ आणि वर थांबा. तिर्रीसमोर १२ असतील तर २ पासून थांबा, दुर्रीसमोर १२ असतील तर ३ पासून. सुरुवातीला एवढे पाच पाठ असले तरी पुष्कळ.

म्हणून शूमध्ये कमाई होते ती मुख्यतः रक्कम वर-खाली करण्यातून. आणि रक्कम ठरते ट्रू काउंटवर: रनिंग काउंट भागिले उरलेले कॅट. एक ट्रू काउंट वाढला की खेळणाऱ्याची बाजू सुमारे अर्ध्या टक्क्याने सुधारते. बऱ्या नियमांच्या टेबलावर घराची, म्हणजे कॅसिनोची, आघाडी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते; म्हणजे ट्रू काउंट एकला बरोबरी, दोनपासून तुमची बाजू.

इथे आपले पाढे हाताशी येतात. भागाकार करू नका, पाढा उलट्या बाजूने वापरा. दीड कॅट उरले असतील तर रनिंग काउंट ३, साडेचार आणि ६ या खुणांवर ट्रू काउंट २, ३, ४ होतो, ही दिडकी. अडीच उरले तर ५, साडेसात, १०, अडीचकी. साडेतीन उरले तर ७, साडेदहा, १४, औटकी. साडेचार उरले तर ९, साडेतेरा, १८. या चार ओळी तोंडपाठ झाल्या की टेबलावर भागाकार उरतच नाही. बेरीज कोणत्या खुणेपलीकडे गेली एवढंच पाहायचं. अर्धवट आकडा आला तर खाली उतरवायचा, वर चढवायचा नाही.

भाजक चुकला तर काय होतं? शूच्या सुरुवातीला फारसं काही नाही. रनिंग काउंट १० असताना उरलेले कॅट ५ ऐवजी साडेचार धरले तर उत्तर २ ऐवजी २.२, दोन्हीकडे दोनच. पण शेवटी शेवटी रनिंग काउंट ७ आहे, उरलेत दीड, आणि तुम्ही धरले दोन. खरं उत्तर साडेचारच्या वर, तुमचं साडेतीन. खाली उतरवल्यावर ४ आणि ३. रक्कम चढवण्याची कुणाची पट्टी ट्रू काउंट दोनला ४ एककं (एकक म्हणजे लावायची मूळ रक्कम), तीनला ८, चारला १२ अशी असेल तर १२ लावायच्या वेळी ८ लागले. उलटी चूक झाली तर ८ च्या जागी १२ गेले, आणि ही चूक भांडवल पोखरते. नजरेची चूक सर्वांत महाग पडते ती नेमकी सर्वांत मोठ्या रकमेच्या वेळी. लोक पद्धतीतल्या दुर्रीच्या किमतीवर वाद घालतात आणि किती कॅट उरले हे ज्यावरून कळतं त्या वापरलेल्या पानांच्या ट्रेकडे नीट बघतही नाहीत, याची मनापासून हळहळ वाटते.

भागाकार मुळातच नको असेल त्यांच्यासाठी असंतुलित पद्धती आहेत, आणि त्यांना कमी लेखायचं कारण नाही. नॉक-आउट म्हणजे केओमध्ये हाय-लोला फक्त सत्तीचा अधिक एक जोडलेला आहे. त्यामुळे प्रत्येक कॅटमागे बेरीज चाराने वर सरकते. एक कॅट सोडून बाकीच्यांची सरक आधीच वजा करून सुरुवात करायची: सहा कॅटला उणे २० पासून, आठ कॅटला उणे २८ पासून. बेरीज अधिक ४ ला पोचली की, शूमध्ये पानं कितीही उरलेली असोत, ट्रू काउंटच्या भाषेत ते बरोबर ४ असतं. फार देखणी सोय आहे ही. पण त्या एका बिंदूपासून लांब गेलं की हा मेळ बिघडतो. सहा कॅटला केओमध्ये रक्कम वाढवायची खूण उणे ४. पाच कॅट उरले असताना उणे ४ म्हणजे खरोखर २.४, म्हणजे रक्कम वाढवायला थोडा उशीरच झाला. दोन कॅट उरले असताना तीच उणे ४ म्हणजे निव्वळ शून्य, आणि तिथे रक्कम वाढवली तर घराला भेट दिली. हिशेब एका ओळीचा आहे: बेरजेतून चार वजा करा, उरलेल्या कॅटने भागा, चार मिळवा. पण हे करायचं तर भागाकार परत आलाच, मग हाय-लोने काय घोडं मारलं होतं?

अर्नल्ड स्नायडर यांची १९८३ची रेड सेव्हन या बाबतीत जास्त समजूतदार आहे. तिच्यात फक्त लाल सत्तीला, म्हणजे बदाम आणि चौकटच्या सत्तीला अधिक एक. किलवर, इस्पिकच्या सत्तीला शून्य. सरक कॅटमागे दोन, सहा कॅटला सुरुवात उणे १२ पासून, आणि बेरीज शून्यावर आली की ट्रू काउंट बरोबर २. ज्या क्षणी रक्कम वाढवायची, नेमका तोच बिंदू तिने अचूक ठेवला. ज्याला भागाकार झेपत नाही आणि सत्तीचा रंग बघायची सवय लावून घेता येते, त्याने केओपेक्षा ही घ्यावी. बाकी सगळ्यांनी हाय-लो. १९८०च्या सुमारास बोस्टनजवळच्या एमआयटीमधून ज्या टोळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यात गणितात तरबेज पोरांची वाण नव्हती. तरी त्यांनी हाय-लोच वापरली. झेन नावाची आणखी एक चांगली पद्धत आहे, रकमेसाठी ०.९६ आणि हात खेळण्यासाठी ०.६३ असे तिचे दोन्ही आकडे सशक्त आहेत. पण हाय-लो वर्षभर बिनचूक चालवल्यावरच तिच्याकडे वळावं.

पद्धतीपेक्षा मोठी गोष्ट टेबलावर असते: कट कार्ड, म्हणजे इथवर वाटून झालं की पानं पिसायची ही खूण, कुठे घातलं. सहापैकी चार कॅट वाटून पानं पिसली गेली तर शेवटाला ट्रू काउंट शून्यापासून साधारण ३.७ इतका भटकलेला असतो. पाच कॅट वाटले तर ५.८. हा फरक हाय-लो आणि हाव्जमधल्या फरकाला कुठल्या कुठे मागे टाकतो. ब्लॅकजॅकवर तीनास दोनऐवजी सहास पाच मिळत असतील तर सुमारे १.४ टक्के तिथेच गेले. अशा टेबलाला बसूच नये. डीलर सॉफ्ट सतरावर, म्हणजे एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर, पान ओढत असेल तर आणखी ०.२ गेले. आणि पानं सतत पिसत राहणारं यंत्र असेल तर मोजायला काही उरतच नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये केन अस्टन यांच्या खटल्यात मोजणाऱ्याला हाकलता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी हेच मार्ग धरले: जास्त कॅट, लवकर पिसणं.

आता पुण्यातून पाहू. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला राज्याचा कायदा कधी अमलातच आला नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. राहिली ती रात्रीची गोव्याची गाडी आणि मांडवीतली जहाजं. तिथे जायच्या आधी दोन हिशेब वहीत मांडा. समजा चांगल्या टेबलावर दर १०० हातांना दीड एकक सरासरी कमाई आणि ३५ एककं चढउतार. शनिवार-रविवार मिळून दहा तास, ७०० हात खेळलात: अपेक्षित कमाई साडेदहा एककं, चढउतार सुमारे ९३. शंभर माणसांनी हेच बिनचूक केलं तर ५४-५५ जण वर येतील आणि बाकीचे हरून परततील. कमाईने चढउताराची बरोबरी करायला सुमारे ५४,००० हात लागतात. ५०० एककांचं भांडवल असेल तर ते बुडण्याची शक्यता २९ टक्के, १,००० असेल तर साडेआठ.

दुसरा हिशेब कराचा. सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोत चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर तो परत बसत नाही, पण उरलेल्या चिप्स परत केल्या म्हणून भरलेला करही परत येत नाही. १०० एककांच्या चिप्सवर ४० एककं कर धरला तर वरच्या दीड एककाच्या वेगाने तेवढा भरून काढायलाच २,६०० हातांच्या वर लागतात. कोणतीही मोजणी पद्धत हा खड्डा बुजवत नाही. ज्याला घरखर्चाची सोय म्हणून हे शिकायचं आहे, त्याने इथेच थांबावं, हे कळकळीने सांगणं आहे. ज्याला या गणिताचीच गोडी आहे, त्याला घरातलं टेबल पुरतं.

त्यासाठी अप्पा बळवंत चौकातून किंवा बोहरी आळीतून एकाच पाठीचे सहा कॅट आणा. जोकर आणि नियमांचं पान आधी काढून टाका. एक जोकर राहिला तरी महिनाभर बेरीज का जुळत नाही हे कळत नाही. शिवाय पाच-सहा जुने कॅट हवेत. त्यांचे २६, ५२, ७८, १०४ असे गठ्ठे रबर लावून शेल्फवर ओळीने उभे करा. एका कॅटची जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते, पण जुलैत कागदी पानं दमट हवेने फुगतात, म्हणून सेंटिमीटर लक्षात ठेवू नका. ट्रे कितपत भरला हे प्रमाण लक्षात ठेवा. येता-जाता एक गठ्ठा उचला, आकडा बोला, मग मोजा. चूक दहा पानांच्या आत आली की अर्ध्या कॅटपर्यंतचा अंदाज भरवशाचा झाला.

मोजणी पानापानाने शिकू नका, जोडीने शिका. राजा आणि छक्की एकत्र दिसले तर डोळ्यांनी ते पुसून टाकायचे. एका डावात पुढ्यात दहा-सहा, पाच-तीन, राजा-एक्का आणि डीलरचं उघडं ४ पडलं, तर पहिली जोडी गेली, दुसरी अधिक दोन, तिसरी उणे दोन, म्हणजे त्याही गेल्या. उरलं ४, बेरीज एक. एक कॅट तीस सेकंदांत बिनचूक उतरला की मग सहांचा ढीग घ्या, घरात कुणाला तरी बोलत बसायला सांगा, आणि तीन पानं न बघता पालथी बाजूला ठेवा. उरलेली ३०९ मोजून झाल्यावर डोक्यात अधिक दोन असेल, तर पालथ्या तिघांची बेरीज उणे दोन. म्हणजे दोन पानं दहा किंवा एक्क्याची आणि एक सत्ती, अठ्ठी, नव्वीपैकी; दुसरा पर्याय नाही. उलटून बघा. गुलाम, एक्का, अठ्ठी.